तुंगा जाधवचा दुसरा हात

तुंगा जाधवला म्हैसुरात दोन जागी माणसं ओळखतात. एक, रेल्वेचं पार्सल ऑफिस. तिथे ती काट्याच्या मागे उभी असते, गोणपाटात गुंडाळलेल्या मोटारसायकली उतरवून घेते, फुलांच्या करंड्यांना चिठ्ठ्या लावते. वजनावरून वाद घालणाऱ्या माणसाकडे ती इतक्या शांतपणे बघते की तो स्वतःच पुन्हा काट्याकडे वळतो. दुसरी जागा म्हणजे बास्केटबॉलचं मैदान. तिथे ती राखाडी शर्ट आणि काळी पँट घालून धावते, आणि तिच्यापेक्षा हातभर उंच पुरुष तिच्या एका शिट्टीवर जागच्या जागी थांबतात. या दोन जागांत तिचा चेहरा बदलत नाही. न बदलणारा चेहरा कमवायला तिला तीस वर्षं लागली.

तिचे वडील नरसिंगराव मोहिते घोडदळ पोलिसांत हवालदार होते. मोहित्यांचं घर पाच-सहा पिढ्यांपूर्वी फौजेबरोबर या गावात आलं. फौज गेली, घोडे राहिले, आणि घोड्यांमागे मोहितेही राहिले. घरात मराठी बोलत, पण ती मराठी महाराष्ट्रातून आलेल्या पाहुण्याला निम्मीच कळायची. वाक्य मराठीत सुरू व्हायचं आणि संपेपर्यंत कन्नड झालेलं असायचं. नरसिंगरावांना तर माणसांपेक्षा घोड्यांशी बोलणं सोपं जाई, आणि मुलगी चौदाव्या वर्षी बास्केटबॉल खेळायला लागली तेव्हा त्यांनी तिच्याकडे शिंगरू बघावं तसं बघितलं. पाय बरे आहेत, एवढंच म्हणाले.

एकोणिसाव्या वर्षी त्या बऱ्या पायांतला डावा गुडघा आंतरकॉलेज सामन्यात फिरला. डॉक्टरांनी चालता येईल असं सांगितलं. ज्या मुलीला धावायचं असतं तिला चालता येईल असं सांगणं म्हणजे काय, हे त्या खोलीत फक्त नरसिंगरावांना कळलं असावं, कारण परतताना त्यांनी मैदानाचा रस्ता टाळून स्कूटर लांबून नेली. तीन महिन्यांनी ती काठी टेकत मैदानावर गेली. खेळता येणार नव्हतं, पण घरी बसून संध्याकाळी चार वाजताचं ऊन भिंतीवर चढताना बघणंही जमत नव्हतं.

मैदानाच्या कडेला, मधल्या रेषेसमोर, एक लांब टेबल असतं. तिथे सुमित्राबाई बसलेल्या होत्या.

सुमित्राबाई तेव्हा चाळिशीच्या होत्या. विद्यापीठाच्या परीक्षा विभागात कारकून, राहायला जयलक्ष्मीपुरमला, आणि शनिवार-रविवारी क्लबच्या सामन्यांच्या स्कोअरर. त्यांचं घराणं रंगाऱ्यांचं. आजोबा लाकडी ठशांनी कापडावर वेल छापायचे. आता घरात ठसे नव्हते आणि रंगही नव्हता, पण सुमित्राबाईंच्या बोटांत तो नेम उतरला होता. पट्टीशिवाय त्या सरळ रेघ मारत. स्कोअरशीटवरच्या त्या बारीक चौकटींत त्यांनी लिहिलेले आकडे छापल्यासारखे दिसत. काठी टेकवून उभ्या असलेल्या मुलीला त्यांनी वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाल्या, “सुम्ने, उगीच उभी राहू नको. बस इथे. घड्याळ धर.”

तुंगा दोन वर्षं त्या टेबलावर बसली. त्या काळी बायकांना टेबल मिळायचं, शिट्टी पुरुषांना. कोणी तसा नियम केला नव्हता, तरी सगळे तो पाळत. टेबलाचे जे नियम खरोखर होते ते सुमित्राबाईंनी तिला शिकवले. सगळ्यांत पहिला हा: टेबलावर बसलेल्या माणसाला स्वतःचे डोळे नसतात. चेंडू कुठून सुटला, पाय कुठे होता, हे आपण ठरवायचं नाही. तीन गुणांच्या रेषेबाहेरून कोणी चेंडू टाकला तर पंच एक हात वर करतो, तीन बोटं उघडी ठेवून. चेंडू जाळीतून खाली आला की दुसराही हात वर जातो. दोन्ही हात दिसले तर तीन गुण लिहायचे. एकच हात वर जाऊन खाली आला तर दोन. शंका आली तर खेळ थांबण्याची वाट बघायची, बझर वाजवायचा, पंचाला टेबलाजवळ बोलवायचं आणि विचारायचं. पण लिहायचं ते हात दाखवेल तेच.

दोन वर्षांनी एके दिवशी सुमित्राबाईंनी पंचांच्या परीक्षेचा फॉर्म तिच्यापुढे सरकवला. नाव, पत्ता, जन्मतारीख, सगळं भरलेलं. फक्त सहीची जागा रिकामी. गुडघा तोवर धावण्याइतका सुधारला होता, खेळण्याइतका नाही. पंच व्हायचंय असं तुंगाने कधी बोलून दाखवलं नव्हतं. सुमित्राबाई म्हणाल्या, तुझं लक्ष घड्याळावर नसतं, पंचाच्या पायांवर असतं; तू या टेबलाची नव्हेस.

सुरुवातीच्या सामन्यांना प्रेक्षक तिच्याकडे बघायला येत. बास्केटबॉल अधूनमधून दिसला तर दिसला. कडेवरून हमखास एकजण ओरडायचा, अक्का, अडिगे आयता, म्हणजे स्वयंपाक झाला का. ती ऐकून सोडून द्यायची. एकदा मात्र टाइमआउट चालू असताना तिने त्या माणसाकडे वळून शांतपणे कन्नडमध्ये सांगितलं की झाला, जेवूनच आले, तुमचं राहिलं असेल तर जाऊन या. सगळी गॅलरी हसली आणि तो माणूस दुसऱ्या क्वार्टरला खरंच दिसला नाही. घरी हे ऐकून नरसिंगराव खूश झाले नाहीत. ओरडणाऱ्याकडे बघायचंच नाही, असं त्यांचं मत होतं. घोडा ज्याच्याकडे बघतो तिकडे जातो, आणि माणूसही.

रेल्वेत खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागली, मग लग्न झालं. जगन्नाथराव जाधव नंजनगूडच्या एका कारखान्यात सुपरवायझर, रोज सकाळी सव्वासातची गाडी धरणारे, मितभाषी. लग्न ठरताना मुलीच्या गळ्यात शिट्टी असते हे त्यांना माहीत होतं. त्यांच्या आई नर्मदाबाईंना ते समजायला वेळ लागला. सून मॅचला गेली आहे, असं त्या शेजारणींना सांगत, आणि शेजारणींना वाटे की बघायला गेली असेल. एकदा नर्मदाबाई स्वतः आल्या. चाळीस मिनिटांचा खेळ बघून म्हणाल्या, “एवढी पळते ग बाई, आणि एकदाही कोणी चेंडू देत नाही तिला.” हे वाक्य घरात पुढे पंधरा वर्षं चाललं.

तेहतिसाव्या वर्षी तुंगाला आंतरराष्ट्रीय परवाना मिळाला. नऊ देशांत ती धावली. तिथल्या गावांची तिच्या मनात राहिलेली खूण म्हणजे हॉलचं छत, लाकडी फरशीचा वास, आणि परतताना नर्मदाबाईंसाठी पिशवीत टाकलेला हॉटेलचा छोटा साबण. पंचाला गाव दिसत नाही. त्याला दहा माणसांचे वीस पाय दिसतात, आणि त्या पायांमधली मोकळी जागा दिसते, जिथे पुढच्या क्षणी काहीतरी होणार असतं. तुंगा चांगली पंच होती ती या मोकळ्या जागेमुळे. ती तिथे आधीच बघत असायची. तिच्या शिट्टीवर वाद फार झाले नाहीत. ज्या पंचाचं नाव सामन्यानंतर कोणाला आठवत नाही तो खरा, असं मानलं तर ती फार वर्षं खरी होती.

एक सामना मात्र तिला मिळाला नाही. राष्ट्रीय स्पर्धेतला पुरुषांचा अंतिम सामना, मुख्य पंच म्हणून. एका वर्षी ती गरोदर होती. एका वर्षी आदल्या दिवशी ताप भरला. दोनदा कारण सांगितलं गेलं नाही. ती त्याबद्दल बोलत नसे, पण जगन्नाथरावांना माहीत होतं की जानेवारीतल्या त्या एका संध्याकाळी ती टीव्ही लावत नाही आणि स्वयंपाकघरातलं सगळं कपाट रिकामं करून पुन्हा लावते.

पन्नास पूर्ण झाली की परवाना संपतो. गेल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तिला एकोणपन्नास होऊन आठ महिने झाले होते. त्या महिन्यात जिल्हा संघटनेचे सचिव कृष्णमूर्ती मुद्दाम पार्सल ऑफिसात आले आणि म्हणाले की निवड समितीपुढे दोन नावं आहेत, त्यात पहिलं तुझं. डिसेंबरात यादी येणार होती, जानेवारीत सामना होता आणि फेब्रुवारीत तिचा वाढदिवस. याच्या पुढे तारखा नव्हत्या. कृष्णमूर्ती स्वतःच्या मुलीबद्दल बोलावं तसे हसत होते. या काळात कुठे तक्रार नको, कागदावर काही नको, एवढं सांभाळ, असं सांगून ते गेले.

नोव्हेंबरात म्हैसूरलाच अठरा वर्षांखालच्या मुलींची राज्य स्पर्धा झाली. अंतिम सामना गावाबाहेरच्या हूटगळ्ळीचा नवा क्लब आणि बेंगळूरूचा एक जुना, बळकट संघ यांच्यात. मुख्य पंच तुंगा. टेबलावर सुमित्राबाई. त्या आता एकोणसत्तर वर्षांच्या होत्या, हा त्यांचा शेवटचा हंगाम होता. एका डोळ्याचा मोतीबिंदू ऑगस्टमध्ये काढला होता, दुसऱ्याचा काढायचा होता. संघटनेत त्यावरून कुजबुज होती. तुंगाने ती कानाआड केली होती.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. सामना संपला की स्कोअरशीटवर सही करण्याआधी मुख्य पंच टेबलाला विचारतो, काही राहिलं? ही रीत आहे, आणि तिला कारण आहे. सही होईपर्यंत चूक दुरुस्त करता येते, निकाल उलटला तरी. सही झाली की तो कागद दगड होतो. मग फक्त अहवाल पाठवता येतो, निकाल बदलत नाही. तुंगा हा प्रश्न प्रत्येक टेबलाला विचारायची, परदेशातही. एका टेबलाला सोडून. सुमित्राबाईंना काही राहिलं का असं विचारणं तिला स्वयंपाक केलेल्या आईला मीठ घातलंस का विचारण्यासारखं वाटे. आणि सुमित्राबाई, ज्यांनी एकेका पंचाला बझर वाजवून भर सामन्यात टेबलापाशी बोलावलं होतं, त्यांनी तुंगासाठी बझरला कधी बोट लावलं नव्हतं. सव्वीस वर्षांत दोघींनी एकमेकींना विचारणं सोडून दिलं होतं. दोघींनाही तो आदर वाटत होता.

त्या दिवशी सकाळपासून विजेचा फलक बंद पडला होता. गुण दाखवायला पुठ्ठ्याचे आकडे होते, सुमित्राबाई सांगतील तसे उलटायचे. तिसऱ्या क्वार्टरमध्ये हूटगळ्ळीच्या सहनाने उजव्या कोपऱ्यातून चेंडू टाकला. सतरा वर्षांची, हडकुळी, हात लांब. तुंगा तिच्यापासून तीन पावलांवर होती. सहनाचा पाय रेषेबाहेर आहे हे तिने पाहिलं आणि तिचा एक हात वर गेला, तीन बोटं उघडी. चेंडू जाळीतून पडला आणि त्याच क्षणी बास्केटखाली दोन मुली एकमेकींवर आदळल्या. त्यातली विद्याश्री तोंडावर हात घेऊन खाली बसली, बोटांमधून रक्त आलं. तुंगाचा हात खाली आला. ती शिट्टी वाजवत तिकडे धावली.

दुसरा हात वर गेलाच नाही.

विद्याश्रीचा दात हलला होता. तिचे प्रशिक्षक, तिच्या संघातल्या सगळ्या मुली, सहनासुद्धा, तिच्याभोवती गोळा झाल्या. पुठ्ठ्याचा आकडा दोनने पुढे गेला तो कोणी पाहिला नाही. पुढे तेरा-चौदा मिनिटांचा खेळ झाला. हूटगळ्ळी अठ्ठावन्न-सत्तावन्नने हरली. तुंगाने टेबलापाशी येऊन सुमित्राबाईंच्याच पेनने सही केली. काही विचारलं नाही.

सहीची शाई वाळत असताना सहना टेबलापाशी आली. तिने बोटांवर आपल्या संघाचे गुण मोजले होते आणि ते एकाने चुकत होते; तो एक असता तर बरोबरी होऊन जादा वेळ मिळाला असता. मग प्रशिक्षकांनी कोणा पालकाच्या फोनवरचा व्हिडिओ आणला. त्यात सहना होती, रेषा होती, रेषेबाहेरचा पाय होता. चौकटीत पंच नव्हता. कृष्णमूर्तींनी तो दोनदा पाहिला आणि सुमित्राबाईंकडे बघितलं. सुमित्राबाई पेनाचं टोपण लावत होत्या. कृष्णमूर्तींनी हलक्या आवाजात प्रशिक्षकांना सांगितलं की निकाल आता बदलणार नाही, टेबलाकडून लिहिण्यात चूक झालेली दिसते, वय झालंय, समजून घ्या. तुंगा तिथेच उभी होती. तिला काय झालं होतं ते स्वच्छ आठवत होतं, हाताच्या स्नायूला आठवावं तसं. ती बोलली नाही. न बोलायला एक श्वास पुरला.

कृष्णमूर्तींनी तिला बाजूला घेतलं. अहवाल तर पाठवायलाच हवा, पण तो साधा ठेव, म्हणाले. स्कोअररकडून दोनची नोंद झाली एवढं लिही, त्यांची सही घे. त्या तर निघाल्याच आहेत, त्यांचं काय बिघडणार? आणि तुझ्या नावावर आता काही यायला नको. ते वाईट माणूस नव्हते. म्हैसूरची एक बाई त्या सामन्याला मधोमध उभी राहावी असं त्यांना मनापासून वाटत होतं, आणि तिने काय केलं हे त्यांना माहीत नव्हतं.

घरी येऊन तुंगाने अहवाल लिहिला. तिसऱ्या क्वार्टरमध्ये सहनाने केलेल्या बास्केटची नोंद स्कोअररकडून तीनऐवजी दोन गुणांची झाली, ही चूक सहीनंतर लक्षात आली. वाक्य तिने तीनदा वाचलं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. खोटं होतं ते शब्दांच्या बाहेर, जिथे दुसरा हात वर गेला नव्हता. जगन्नाथरावांनी विचारलं, झालं का लिहून. ती म्हणाली, सही राहिली आहे.

रविवारी सकाळी ती जयलक्ष्मीपुरमला गेली. सुमित्राबाई भावाच्या घरामागच्या दोन खोल्यांत राहतात. नुकतेच डोळ्यात थेंब घातल्यामुळे त्या मान मागे टाकून बसल्या होत्या. तुंगाने कागद दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेला, मग लांब धरला, मग खिडकीपाशी जाऊन वाचला.

“इथे करायची ना सही?”

“वाचलंत का अक्का?”

“वाचलं. पेन दे.”

तुंगाने पेन दिलं नाही. “तुम्ही काय पाहिलं होतं?”

“केव्हा?”

“तेव्हा. त्या मुलीचा पाय.”

“बाहेर होता. वीतभर.”

तुंगाला वाटलं होतं की त्या म्हणतील, नीट दिसलं नाही. तेच ऐकायला ती आली होती, हे तिला आत्ता कळलं. ते वाक्य मिळालं असतं तर कागदावरचं वाक्य खरं झालं असतं.

“आणि माझा हात?”

“एक वर गेला. मी पेन उचलून थांबले. दुसरा आला नाही, तू त्या पोरीकडे पळालीस. दोन लिहिले. अष्टे, एवढंच.”

“खेळ थांबलाच होता, अक्का. बझर हाताशी होता. विचारायचं होतं.”

“तुला?” सुमित्राबाईंनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. ऑपरेशन झालेला डोळा स्वच्छ होता. “दुसरा कोणी असता तर विचारलं असतं. तुला कधी विचारलंय का मी? म्हटलं, हिने हात खाली घेतला म्हणजे हिने काहीतरी बघितलं असणार. माझंच चुकलं असेल.”

पेन पिशवीत परत गेलं. मग तुंगा म्हणाली की या कागदावर सही केली तर सगळे म्हणतील, म्हातारीला दिसत नव्हतं.

“म्हणू दे. पुढच्या वर्षी मला कुठे बसायचंय? तुला जानेवारीत उभं राहायचंय.” त्यांनी हात पुढे केला. “मूर्तीनं फोन केला होता मला. मला ठाऊक आहे सगळं. दे पेन, उगीच वेळ घालवू नको.”

म्हणजे ठरलेलंच होतं. कृष्णमूर्तींनी मागितलं होतं, अक्कांनी दिलं होतं, आणि तुंगाने फक्त कागद आणून द्यायचा होता. तिने तो त्यांच्या हातातून काढून घेतला.

“तुंगे, वेडी होऊ नको. आयुष्यभर एका सामन्याची वाट बघितलीस.”

“ते खरं आहे.”

“मग? माझ्यासाठी घालवतेस?”

“तुमच्यासाठी नाही, अक्का. हात मी वर केला नव्हता.”

सुमित्राबाई चिडल्या. मोठ्याने नाही, त्यांना मोठ्याने चिडता येत नाही. त्या म्हणाल्या की टेबलावर मी बसले होते, बझर मी वाजवला नाही, तेवढी चूक माझी, ती तू घेऊ शकत नाहीस. तुंगा म्हणाली, ती तुम्ही लिहा. आणि उठली.

नवा अहवाल तिने त्याच दुपारी लिहिला. तीन गुणांचा प्रयत्न आपण हाताने दाखवला, यश दाखवलं नाही. आपण जे दाखवलं तेच टेबलाने बरोबर लिहिलं. सहीआधी टेबलाला विचारण्याची रीत आपण पाळली नाही. चौथं वाक्य नव्हतं. दोन दिवसांनी सुमित्राबाईंचं पत्र संघटनेत पोचलं, छापल्यासारख्या अक्षरात. पाय बाहेर दिसला होता, हात एकच दिसला, विचारायला हवं होतं, विचारलं नाही, कारण पंच तुंगा जाधव होती. कृष्णमूर्तींनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. एवढ्या वर्षांत त्यांच्या टेबलावर चुकीची मालकी नाकारणारे पुष्कळ कागद आले होते. एका चुकीसाठी दोन मालक पहिल्यांदाच आले होते. त्यांनी ते कुठे दाबले नाहीत, आणि हे त्यांच्याबद्दल सांगायलाच हवं. दोन्ही पुढे पाठवले.

डिसेंबरात यादी आली. तुंगाचं नाव मुख्य पंचांत नव्हतं, राखीव पंचांतही नव्हतं. कारण लिहिलेलं नव्हतं. कृष्णमूर्तींनी फोनवर सांगितलं तेव्हा ती काट्यावर होती. बरं, म्हणाली, कोणाला मिळाला ते विचारलं, आणि नाव ऐकून म्हणाली की चांगला आहे, फक्त डावीकडे उशिरा वळतो. फोन ठेवल्यावर तिने समोरच्या माणसाचं खोकं पुन्हा काट्यावर ठेवायला लावलं, कारण आकडा तिच्या लक्षात राहिला नव्हता. असं तिथे आधी झालं नव्हतं.

अहवाल खेळाडूंना दाखवत नाहीत. तो फाइलीत जातो. जानेवारीत, त्या अंतिम सामन्याच्या दिवशी, तुंगाने दुपारनंतर रजा टाकली आणि हूटगळ्ळीची बस धरली. कपाट आवरायला तिला घरी बसायचं नव्हतं. क्लबचं मैदान दोन नव्या, प्लास्टर न झालेल्या घरांच्या मधे आहे. सहना एकटीच उजव्या कोपऱ्यातून चेंडू टाकत होती. तुंगाने तिला जे होतं ते सांगितलं. ते तीन होते. हात मी दाखवला नाही. कप बदलणार नाही.

सहनाने चेंडू काखेत धरला. “मला माहीत होतं, मॅडम.”

“हो.”

“घरी कोणी मानत नाही. अप्पा म्हणतात, हरल्यावर सगळ्यांचेच पाय रेषेबाहेर असतात.” ती बुटाच्या टोकाने खडे बाजूला करत राहिली. मग वर न बघता म्हणाली, “तुम्ही घरी येऊन सांगाल?”

सहनाचे वडील संताजीराव दिवसपाळी संपवून नुकतेच आले होते, पाय धुऊन उंबऱ्याजवळ उभे होते. घरात मराठी चालत होती, तुंगाच्या माहेरच्यासारखीच, कन्नडमध्ये संपणारी. पंचबाई दारात बघून त्यांना वाटलं की मुलीची काहीतरी तक्रार आहे. त्यांनी खुर्ची पुसली. तुंगा बसली आणि जे मैदानावर सांगितलं ते पुन्हा सांगितलं, त्याच क्रमाने.

“म्हणजे कप मिळणार?”

“नाही.”

“दुसरी मॅच?”

“नाही.”

“मग बदललं काय बाई?”

“काही नाही. ती खरं सांगत होती, एवढंच.”

संताजीरावांनी मुलीकडे पाहिलं. ती भिंतीला टेकून उभी होती, चेंडू अजून काखेतच. दूरच्या एका शहरात त्या सुमाराला दिवे लागले असतील, दोन संघ समोरासमोर उभे राहिले असतील, आणि डावीकडे उशिरा वळणारा एक चांगला पंच चेंडू हातात घेऊन मधल्या वर्तुळाकडे चालू लागला असेल.

“बाहेर म्हणजे किती होता पाय?” संताजीरावांनी विचारलं.

“वीतभर,” तुंगा म्हणाली.

ते खाली वाकले. फरशीच्या दोन लाद्यांमधली रेघ त्यांनी बोटाने शोधली, तिच्यावर अंगठा ठेवला आणि पंजा ताणून करंगळी टेकवली. मग तसेच उकिडवे बसून राहिले आणि त्या अंतराकडे बघत राहिले.

“एवढा?”

“हो,” सहना म्हणाली. “एवढा.”